आठवणींचा पुरावा कुणाकडे मागायचा?

नोकरीत आलेल्या अपंगत्वाचं निवृत्तिवेतन ज्याच्या शेऱ्यावर ठरतं, त्या मेडिकल बोर्डापुढे बसलेल्या जवानाला आपलं निवेदन द्यावं लागतं. त्रास केव्हा सुरू झाला, तेव्हा पोस्टिंग कुठे होतं, कशामुळे झाला असं वाटतं? गुडघा निकामी झालेल्या, स्फोटात कान गेलेल्या किंवा सियाचिनच्या थंडीत बोटं गमावलेल्या माणसाला याची उत्तरं देता येतात. पण ज्या आजाराचा घाव स्मरणशक्तीवरच पडतो, तो झालेल्या माणसाकडूनही आपण तारीख, जागा आणि घटनाक्रम मागतो. तो अडखळला, मागच्या वेळेपेक्षा वेगळं बोलला, की त्याच्या सांगण्यावरचा विश्वास उडतो. ही पद्धत उफराटी आहे, असं माझं ठाम मत आहे. लढाईचा आघात आणि त्यापाठोपाठ येणारं नैराश्य माणसाचं स्मरण खिळखिळं करतं, हे वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. मग लक्षात ठेवण्याचं, नोंदवण्याचं आणि सिद्ध करण्याचं ओझं त्या माणसाच्या डोक्यावरून काढून सरकारने आपल्या दप्तरावर घ्यायला हवं.

ग्वाल्हेरकरांना हा प्रश्न लांबचा वाटायचं कारण नाही. आमच्या शहराचा ‘लष्कर’ हा भाग १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतूनच वसला. पलीकडे मुरारची छावणी आहे, महाराजपुऱ्याचा हवाई तळ आहे. शेजारचे भिंड आणि मुरैना हे जिल्हे पिढ्यान् पिढ्या फौजेला माणसं देत आले आहेत. शिंद्यांबरोबर आलेल्या आमच्या मराठी घरांतूनही कुणी ना कुणी फौजेत असतोच. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर घरी येतो, म्हणजे त्याचं निम्मं आयुष्य अजून बाकी असतं. कुणी बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहतो, कुणी सोसायटीचा चौकीदार होतो, कुणी शेती बघतो. आणि त्यांच्यातले काही हळूहळू विसरायला लागतात.

मी लष्कर भागातल्या एका बँकेत पेन्शनच्या खिडकीवर बरीच वर्षं काढली. नोव्हेंबर महिना हयातीच्या दाखल्यांचा. अशाच एका नोव्हेंबरात एक सुभेदार आणि त्यांच्या पत्नी आल्या होत्या. माझं आडनाव मराठी दिसल्यामुळे वहिनी मराठीत बोलू लागल्या. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती. प्रत्येक कागदावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती: ‘पीपीओ’, ‘आधार’, ‘पासबुक’. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत एक कागद होता: ‘आज बँक. नंतर औषध. नंतर घर.’ मी सुभेदारांना आर्मी नंबर विचारला. त्यांनी तो एका दमात सांगितला, आणि न विचारता भरतीनंतर मिळालेल्या पहिल्या रायफलचा बट नंबरही सांगितला. मग मोबाइल नंबर विचारला, तर त्यांनी पत्नीकडे पाहिलं. फोनवर ओटीपी आला. सहा आकडे. त्यांनी ते नीट वाचले, मान वर केली, आणि तेवढ्यात ते आकडे गेले. पुन्हा वाचले, पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी काउंटरवर जोरात हात आपटला. रांगेतून कुणीतरी म्हणालं, “दद्दा का दिमाग घूम गओ है.” वहिनींनी त्यांच्या कोपराला हात लावला आणि म्हणाल्या, “अहो, राहू द्या, मी सांगते.”

सुभेदारांना बाकावर बसवल्यावर वहिनी माझ्याशी दोन शब्द बोलल्या. राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मीरला दोन खेपा झाल्या होत्या. तिथलं ते काही सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, ‘काय सांगायचं, ड्यूटी होती.’ रात्री मात्र ओरडत उठतात. मुलाची परीक्षा कधी आहे हे दिवसातून चारदा विचारतात. मग मला त्यांनी विचारलं, “भाऊ, हे वयाचंच असेल ना?” सुभेदार तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.

हे वयाचं नव्हतं. रायफलचा नंबर आठवतो आणि आत्ताच वाचलेला ओटीपी आठवत नाही, यात कुणालाही ढोंग दिसू शकतं. पण या दोन गोष्टी मेंदूच्या वेगवेगळ्या कामांवर अवलंबून असतात. विशीत हजारदा घोकलेला आकडा खोल रुजून बसतो. नवी माहिती पकडून ठेवण्यासाठी मात्र लक्ष लागतं, आणि आघात झालेल्या मनाचं लक्ष कुठल्या कामाला जुंपलेलं असतं, हे अमेरिकी सैनिकांवरच्या एका अभ्यासात फार स्पष्ट दिसलं. इराकला जाऊन आलेल्या ६५४ सैनिकांची तिथे जाण्यापूर्वी आणि परतल्यावर चाचणी घेतली गेली, आणि न गेलेल्यांशी तुलना झाली. २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. जाऊन आलेल्यांचं एकाग्र राहणं आणि शब्द व आकृत्या लक्षात ठेवणं कमी पडलं होतं. पण क्षणात प्रतिसाद देण्याची त्यांची गती मात्र वाढली होती. हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. रात्रभर जागून घराची राखण करणाऱ्या माणसाला त्याच वेळी जमाखर्चाची वही लिहायला बसवता येत नाही. मेंदूने आपलं बळ पहाऱ्यावर लावलेलं असतं, वहीकडे बघायला कुणी उरत नाही.

लढाई आणि विस्मरण यांची गाठ डॉक्टरांना नव्याने दिसलेली नाही. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’वर पहिला लेख लिहिला. तोफगोळे जवळ फुटलेल्या तीन सैनिकांची ती हकिगत होती, आणि लेखाच्या मथळ्यातच स्मृती गेल्याचा उल्लेख होता. त्याच महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी उपाशी अडकून पडल्या होत्या. त्यातून जे गावी परतले, त्यांच्या झोपेची आणि आठवणींची विचारपूस झाल्याचं काही ऐकिवात नाही. खरं तर आपली ही सवय त्याहून जुनी आहे. पानिपतच्या त्या प्रसिद्ध सांकेतिक पत्रात गळालेली मोती आणि हरवलेल्या मोहरा मोजलेल्या आहेत, पण रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही असंच लिहिलेलं आहे. जो खुर्दा जिवंत परत आला, त्याची तर कुणी याद काढलेलीही मला दिसत नाही.

आता या विस्मरणाचा पोत थोडा जवळून बघू, कारण बोर्डापुढची अडचण तिथूनच सुरू होते. पीटीएसडीत, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणाऱ्या आजारात, आठवणीचं एकाच वेळी दोन प्रकारे बिनसतं. एखादं दृश्य, एखादा वास, एखादा आवाज न बोलावता येतो आणि आत्ताच घडत असल्यासारखा अंगावर येतो. दिवाळीतला सुतळी बॉम्ब वाजला की माणूस भिंतीला चिकटतो. त्याच वेळी ‘त्या दिवशी नेमकं काय झालं ते सुरुवातीपासून सांगा’ म्हटलं तर त्याला ते सांगता येत नाही. जे विसरायचंय ते जात नाही आणि जे सांगायचंय ते सापडत नाही. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर नव्वदीच्या दशकात काही प्रयोग झाले. एक शब्द द्यायचा आणि त्यावरून आयुष्यातला एक नेमका प्रसंग सांगायला लावायचा. समजा ‘आनंद’ शब्द दिला, तर निरोगी माणूस ‘धाकटीच्या बारशाच्या दिवशी’ असं काहीतरी सांगेल. पीटीएसडी असलेल्यांची उत्तरं ‘घरी असलो की’, ‘मित्रांबरोबर असताना’ अशी मोघमातच अडकत. युद्धाचे बिल्ले, गणवेशाचे तुकडे अजूनही अंगावर वागवत प्रयोगशाळेत आलेल्यांमध्ये तर ही मोघमता सर्वांत जास्त आढळली. युद्ध संपून वीस वर्षं होऊन गेली होती.

नैराश्यातही हेच होतं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसांमध्ये आठवणींची अशीच मोघमता १९८६ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवली होती. याचे परिणाम वाटतात त्यापेक्षा खोल जातात. उद्याची अडचण सोडवायला काल आपण काय केलं होतं ते नेमकं आठवावं लागतं. ‘मागे पैसे कमी पडले तेव्हा अमक्याकडून घेतले आणि दिवाळीनंतर फेडले’ हे आठवलं तर वाट सापडते. ‘माझं कायमच असं होतं’ एवढंच आठवलं, तर माणूस जागच्या जागी रुतून बसतो. पीटीएसडी झालेल्या पुष्कळ माणसांना नैराश्यही असतं, आणि मग दोन्ही आजार मिळून स्मरणाला पोखरतात. त्यात तुटक झोप असते. अंगाखाली सुरुंग फुटला असेल तर डोक्याला बसलेला मार असतो. कॅन्टीनच्या कोट्यातली रम असते. औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षं आणलेल्या अल्प्राझोलमच्या गोळ्या असतात. दारू आणि या गोळ्या झोप आणतात, पण नवी आठवण रुजू देत नाहीत. बी-१२ किंवा थायरॉइडची कमतरता असली तर ती वेगळीच. म्हणून प्रत्येक विसराळू फौजीला पीटीएसडी आहे, असं मी म्हणत नाही. कुणीतरी बसून हे सगळं तपासायला हवं, आणि ते तपासलं जात नाही, ही माझी तक्रार आहे.

तपासणं एवढं निकडीचं का, त्याला दोन कारणं आहेत. नैराश्यामुळे आलेला विसर कधीकधी हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखा दिसतो. किलो या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ मध्येच त्याकडे लक्ष वेधलं होतं. असा विसर उपचाराने बराच परत फिरतो. त्यावर ‘आता काय, म्हातारपण’ असा शिक्का मारला तर बरा होणारा माणूस हातचा जातो. दुसरं कारण उलट बाजूचं आहे. अमेरिकेत पंचावन्न आणि त्याहून जास्त वयाच्या १,८१,०९३ माजी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सात वर्षांत पीटीएसडी असलेल्यांपैकी १०.६ टक्के जणांना स्मृतिभ्रंश झाला. नसलेल्यांमध्ये हे प्रमाण ६.६ टक्के होतं. म्हणजे पन्नाशीतला विसर कधी बरा होण्याजोगा असतो आणि कधी पुढच्या मोठ्या दुखण्याची चाहूल असते. दोन्ही बाबतींत वाट बघणं परवडणारं नाही.

आता बोर्ड आणि अपिलं यांच्याकडे येतो. ‘आधी एक सांगितलं, आता दुसरंच सांगतोय’ हा तिथला सर्वांत घातक शेरा. ऐकायला तो रास्त वाटतो, कारण कोर्टकचेऱ्यांत आपण खोटेपणा असाच पकडतो. पण १९९१ च्या आखाती युद्धाहून परतलेल्या सैनिकांना एक महिन्यानंतर आणि पुन्हा दोन वर्षांनी तेच प्रश्न विचारण्यात आले. मेलेले सैनिक पाहिलेत का, तुमच्यावर गोळीबार झाला का, असे. ८८ टक्के लोकांचं निदान एक तरी उत्तर बदललं. यात त्यांना काही मिळवायचं नव्हतं, कुठला दावा नव्हता. दुसरा अभ्यास त्याहून थक्क करणारा आहे. अमेरिकी लष्कराच्या एका प्रशिक्षणात सैनिकांना खोट्या युद्धकैदेत ठेवून त्यांची कडक उलटतपासणी घेतात. तपासणी घेणारा माणूस अर्ध्या तासाहून जास्त वेळ समोर, भरपूर उजेडात असतो. एका दिवसानंतर ओळख परेड घेतली, तेव्हा दडपण कमी असलेल्या तपासणीनंतर ६२ टक्के सैनिकांनी माणूस बरोबर ओळखला. जीव मेटाकुटीला आणणाऱ्या तपासणीनंतर हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. धडधाकट, कसलेल्या सैनिकांची ही गत. मग अनंतनागच्या एखाद्या घरातली चकमक पंधरा वर्षांनी सांगताना सुभेदाराचा महिना चुकला किंवा सोबत नायक होता की लान्स नायक हे बदललं, तर त्यावरून तो खोटारडा ठरतो का? मेंदू बिघडला की सांगणं विस्कटतं. बोर्डाच्या डॉक्टरांना हे इतरांपेक्षा जास्त कळायला हवं.

यावर एक शास्त्रीय दिसणारा युक्तिवाद येतो आणि त्याला उत्तर देणं भाग आहे. १९९५ साली एमआरआय करून असं दिसलं की पीटीएसडी झालेल्या व्हिएतनामच्या सैनिकांमध्ये मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा आठवणी घडवणारा भाग उजव्या बाजूला सरासरी ८ टक्के लहान होता. ताणामुळे तो आक्रसला, असं सगळे म्हणू लागले. मग २००२ साली एक अफलातून अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्या भावांपैकी एक लढाईवर गेलेला, दुसरा घरी राहिलेला, अशा जोड्या घेतल्या. तर घरी राहिलेल्या भावाचाही हिप्पोकॅम्पस तितकाच लहान निघाला. निदान काही अंशी तरी ही जन्मजात ठेवण असावी, असा त्याचा अर्थ. झालं, ‘म्हणजे माणूस मुळातच कच्चा होता, नोकरीचा काय दोष’ असं म्हणायला जागा मिळाली.

पण त्या अभ्यासातली दुसरी अर्धी गोष्ट बघा. तशाच ठेवणीचा भाऊ घरी राहिला आणि त्याला पीटीएसडी झाला नाही. लढाईवर गेला त्याला झाला. ठेवण दोघांचीही तीच होती, फरक पडला तो लढाईने. आणि कायद्याने तर हा मुद्दा केव्हाच निकालात काढला आहे. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद केलेली नसेल तर माणूस तेव्हा शरीराने आणि मनाने निरोगी होता असंच धरायचं, आजार सेवेमुळे झाला नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा सैनिकाला. छाती मोजून, पळवून, डोळे-कान बघून तुम्ही त्याला घेतलंत. तो कच्चा होता हे वीस वर्षांनी सांगण्याचा अधिकार तुम्ही त्याच दिवशी गमावलात.

तरी नियमांत एक फट राहिली आहे, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप तिच्यावर आहे. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या २००८ च्या हक्क नियमांत, जे २०२३ च्या नव्या नियमांआधी निवृत्त झालेल्यांना लागू आहेत, म्हटलं आहे की, एरवी दावेदाराला काही सिद्ध करावं लागणार नाही. पण निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला आणि तोवर मुदत संपल्यामुळे त्याची सेवेची कागदपत्रं नष्ट झालेली असली, तर सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. कागद सरकारने नष्ट केले, आणि पुरावा मागायचा त्या माणसाच्या आठवणीकडे! पीटीएसडी उशिरा डोकं वर काढू शकतो, हे वैद्यकशास्त्र मान्य करतं. नोकरीत असेपर्यंत शिस्त, सोबती, रोजची परेड यांनी माणूस तोलून धरलेला असतो. घरी आल्यावर, मुलं मोठी होऊन बाहेर पडल्यावर, रिकाम्या दुपारी ते सगळं वर येतं. तेव्हा १५ वर्षं कधीच उलटून गेलेली असतात. आणि दाद मागायची तर ग्वाल्हेरच्या माणसाला सशस्त्र दल न्यायाधिकरणासाठी जबलपूर गाठावं लागतं. ज्याला औषधाची वेळ लक्षात राहत नाही, त्याने तारखा लक्षात ठेवून जबलपूरच्या खेपा घालायच्या.

खोटे दावे होत नाहीत का? होत असतील. अपंगत्व निवृत्तिवेतनाचा गैरफायदा घेतला जातो अशी ओरड वरच्या वर्तुळांतून झालेली आहे आणि २०२३ चे नवे नियम आले त्यामागे ती चिंता होतीच. जिथे पैसा आहे तिथे लबाडी शिरते, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण लबाड माणसाची गोष्ट पाठ असते. तो तारखा चुकत नाही, नावं चुकत नाही, कारण त्याने तयारी केलेली असते. सुसंगत निवेदनावर भिस्त ठेवणारी पद्धत लबाडाला आत घेते आणि खऱ्या रुग्णाला बाहेर काढते. लबाडी रोखायची असेल तर पलटणीच्या नोंदींशी पडताळा करा: वॉर डायरी, पोस्टिंगचे आदेश, जखमींच्या याद्या. हे कागद फौजेकडे असतात, जवानाकडे नसतात.

यात आपण बाकीचे लोकही नामानिराळे नाही. ग्वाल्हेरात मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की मानसिक आरोग्यशाळा डोळ्यांपुढे येते. त्या जागेची अवस्था अशी होती की १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने आग्रा आणि रांचीच्या रुग्णालयांबरोबर तिच्यावरही लक्ष ठेवण्याचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं. काळ बदलला, पण घराघरांत ‘पागलखाना’ हाच शब्द आहे, आणि फौजीच्या घरात तो दुप्पट बोचतो. नोकरीत असताना मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर बढती अडते, हे त्याने पाहिलेलं असतं. फौजेच्या ‘शेप’ या वैद्यकीय वर्गवारीतलं पहिलं अक्षर मनाच्या प्रकृतीचं, आणि तिथे निरोगीपणाच्या एकच्या जागी दोन-तीन लागलेलं कुणालाच नको असतं. लपवण्याची सवय घेऊनच तो घरी येतो. शिवाय २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, किंवा गणेशोत्सवात आपण त्याला व्यासपीठावर बोलावतो, शाल-श्रीफळ देतो आणि माइक पुढे करून म्हणतो, ‘साहेब, एखादा थरारक अनुभव सांगा.’ समोर लहान मुलं टाळ्या वाजवायला तयार असतात. मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे: सत्कार करा, पण सांगायला लावू नका. ज्याला सांगावंसं वाटेल तो सांगेल.

काय करता येईल, ते फार अवघडही नाही. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डात वजन, रक्तदाब, डोळे तपासतात तशी लक्ष आणि स्मरण यांची साधी चाचणी घ्यावी आणि तिचे आकडे नोंदवून ठेवावेत. पुढे कधी तक्रार आली तर तुलनेला काहीतरी हाती असेल. दुसरं, प्रत्येक जवानाच्या नोकरीत तो कुठल्या मोहिमांत होता, जवळ स्फोट झाला का, सोबती मारले गेले का, याची नोंद पलटणीने त्याच वेळी करावी आणि निवृत्तीच्या दिवशी तिची प्रत डिस्चार्ज बुकाबरोबर त्याच्या हातात द्यावी. ही नोंद कधीही नष्ट करू नये. आज सगळं संगणकावर असताना कागद ठेवायला जागा नाही ही सबब टिकत नाही. पंधरा वर्षांची ती अट काढूनच टाकावी. बोर्डाने निवेदनातली तफावत हे दावा फेटाळण्याचं एकमेव कारण म्हणून वापरू नये, आणि पत्नीचं म्हणणं पुरावा म्हणून लिहून घ्यावं. रात्री कोण ओरडत उठतं, हे बोर्डातल्या डॉक्टरांपेक्षा तिला जास्त माहीत असतं. ती फाइल घेऊन आलेल्या वहिनींना कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून सुरू आहे आणि तिची पॉलिक्लिनिकं ही मोठी सोय आहे. गुडघा, साखर, मोतीबिंदू यांवर तिथे इलाज होतो. मनाच्या दुखण्याला मात्र स्वतःहून तोंड फोडावं लागतं, तेव्हा कुठे पुढची चिठ्ठी मिळते. औषधांसाठी येणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून एकदा झोप, विसर आणि उदासी यांबद्दल चार प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो? संरक्षण पेन्शनचं ‘स्पर्श’ पोर्टल, पासवर्ड आणि ओटीपी यांच्यामागे धावताना दमलेल्या पेन्शनरसाठी घरच्या एका माणसाला कायदेशीर मदतनीस म्हणून नोंदवण्याची सोय सुटसुटीत करावी, म्हणजे खिडकीवर कुणाला हात आपटावा लागणार नाही. आणि घरच्यांना एक सांगावंसं वाटतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, आणि तिथे नाव सांगायची सक्ती नाही. पीटीएसडी आणि नैराश्य या दोन्हींवर उपचार आहेत, समुपदेशनाचेही आणि औषधांचेही. नेमका प्रसंग आठवण्याचा सरावसुद्धा करून घेता येतो, आणि त्याने नैराश्य हलकं होतं असं आढळलं आहे. झोप सुधारली आणि दारू सुटली तरी स्मरणात फरक पडतो.

घाई करण्याचं आणखी एक कारण आता दारात आहे. २०२२ साली अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा आमच्या बिर्लानगर स्टेशनात मोडतोड झाली होती. तो राग नोकरीचा होता, आणि या विषयाचं तेव्हा कुणी नावही घेतलं नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाल्या. चार वर्षं झाल्यावर त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के फौजेत राहतील, बाकीचे सेवानिधीची रक्कम घेऊन पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतील. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएसचं कार्ड नाही. चार वर्षांत जे पाहायचं ते त्यांनी पाहिलेलं असेल, आणि त्यातल्या काहींच्या बाबतीत ते वर यायला आणखी दहा वर्षं लागतील. तेव्हा त्यांना कुठलं पॉलिक्लिनिक घेणार, आणि कुठल्या दप्तरात त्यांची नोंद सापडणार? बाहेर पडणाऱ्या प्रत्येक अग्निवीराची स्मरण-चाचणी, त्याच्या मोहिमांची लेखी नोंद आणि मानसोपचारापुरता तरी आजीवन ईसीएचएसचा हक्क, या तीन गोष्टींचा आदेश पहिली तुकडी घरी परतण्याआधी संरक्षण मंत्रालयाने काढावा. आमच्या खासदारांनी तो संसदेत मागावा, आणि ग्वाल्हेर, भिंड, मुरैनातल्या ज्या घरांतून ही मुलं गेली आहेत, त्यांनी खासदारांकडे तो लेखी मागावा.